कांदिवलीतलं आफ्रिकेचं गाऱ्हाणं

आफ्रिकेच्या इतिहासावर पीएच.डी. करत होते त्या काळात मी बोरिवलीच्या पलीकडे दोनदाच गेले होते, आणि दोन्ही वेळा कोणाच्या तरी लग्नाला. पासपोर्ट नव्हता, तो काढायचं कारणही नव्हतं. माझी आफ्रिका म्हणजे अकरा कॅसेट्स, एक टेपरेकॉर्डर आणि मुलुंडला राहणारे माझे मार्गदर्शक सर.

सर तरुणपणी काही वर्षं पूर्व आफ्रिकेत शिकवायला होते. तिथल्या खेड्यांतून हिंडून त्यांनी म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं, आणि त्या आठवणी कॅसेटवर घेऊन, लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून जहाजाने घरी आणल्या. गोऱ्यांच्या राज्याला लोकांनी विरोध कसा केला, हे सरकारी दफ्तरात कमी आणि लोकांच्या तोंडी जास्त सापडतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्यांचं पुस्तक होतं आणि नावही होतं. "लिहिता न येणारा माणूस म्हणजे इतिहास नसलेला माणूस नव्हे," हे वाक्य ते प्रत्येक व्याख्यानात एकदा म्हणायचे आणि मग थोडं थांबायचे. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. नंतर नंतर मी त्या थांबण्यात वही पिशवीत टाकून घ्यायचे.

आमच्या घरी माझ्या विषयाची व्यवस्थित व्याख्या फक्त आईने केली होती. शेजारणीने विचारलं की ती सांगायची, "आफ्रिकेतल्या म्हाताऱ्यांका काय काय आठवता, ता आमचा चेडू लिवून काढता. हयल्या म्हाताऱ्यांका काय आठवता ता कधी इचारल्यान नाय."

मी हसण्यावारी न्यायचे. मला वेळ कुठे होता? अंधेरीच्या एका कॉलेजात मी हंगामी लेक्चरर होते. हंगामी म्हणजे एप्रिलमध्ये काढून टाकायची आणि जूनमध्ये परत घ्यायची. चार वर्षं मी दर उन्हाळ्यात बेकार होत होते आणि दर पावसाळ्यात प्राध्यापक. त्या वर्षी कायमची एक जागा निघणार होती, आणि प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की जूनच्या आत पीएच.डी. हातात असेल तर जागा तुमची, नाहीतर ती दुसऱ्या कोणाची. तो दुसरा कोणी स्टाफरूममध्ये माझ्या समोरच बसायचा आणि रोज मला विचारायचा, "काय, आफ्रिका कुठवर आली?"

आफ्रिका सातव्या कॅसेटवर अडली होती.

सातव्या कॅसेटवर एक म्हातारा बोलतो. त्याच्या लहानपणी गोऱ्या साहेबाने झोपडीवर कर बसवला होता आणि तीन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता, एवढं तो आधी सांगतो. मग तो एकदम आवाज बदलतो आणि काहीतरी लांबलचक म्हणायला लागतो. मध्येच थांबतो. भोवती जमलेली माणसं एका सुरात काही ओरडतात. तो पुढे म्हणतो, पुन्हा थांबतो, पुन्हा माणसं ओरडतात. असं चौदा मिनिटं. एका जागी म्हातारा खो खो हसतो, माणसंही हसतात, आणि मग पुन्हा पहिल्यासारखं सुरू होतं. का हसतात ते कळत नाही. सरांनी आपल्या पुस्तकात या कॅसेटची दोन ओळींत वासलात लावली होती: प्रार्थनेचा एक नमुना, पुनरुक्ती बरीच, ऐतिहासिक माहिती अल्प. पण माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण नेमकं याच गावावर होतं, त्यामुळे मला ती सोडून देता येईना.

भाषा स्वाहिली. सरांचं तिथे दुभाष्यावर भागलं होतं, पण ती येणारा माणूस इथे त्यांनीच शोधून दिला. घाटकोपरला एक गुजराती शेठ होते, जन्म मोंबासाचा, तिथे बापजाद्यांचं किराणा मालाचं दुकान. ते विकून म्हातारपणी इकडे आलेले. माणूस अतिशय प्रेमळ. पण त्यांची सगळी स्वाहिली दुकानात झालेली आणि इंग्रजी सगळी व्यापारी पत्रांतली. त्यांनी सातव्या कॅसेटचं भाषांतर टाइप करून पाठवलं, ते मी अजून जपून ठेवलंय. त्याचा मराठीत अर्थ असा:

"आपल्या गेल्या सालच्या पावसाच्या संदर्भात कळविण्यात येते की माल अद्याप पोचलेला नाही. आमच्याकडून आपणांस शेळी वेळेवर रवाना केलेली आहे. तरी सत्वर लक्ष घालावे."

आणि जिथे जिथे माणसं एका सुरात ओरडतात, तिथे तिथे शेठनी एकच शब्द टाइप केला होता: "कन्फर्म्ड."

सरांनी तो कागद वाचला, चष्मा काढला आणि डोळे चोळले. "हे प्रकरण गाळ," म्हणाले. "दुसरं गाव घे." दुसरं गाव घ्यायचं म्हणजे आणखी एक वर्ष. मी घरी येऊन टेपरेकॉर्डर इतक्या जोरात आपटला की आईने आतून विचारलं, काय फुटलं.

तेव्हा बाबा घरीच असायचे. बाबा गिरणी कामगार, साचा खात्यातले, म्हणजे मागावर कापड विणणारे. गिरण्यांचा संप सुरू होऊन तीनेक वर्षं झाली होती. बहुतेक लोक केव्हाच दुसऱ्या कामांना लागले होते. कोणी भाजी विकत होते, कोणी वॉचमन झाले होते. बाबाही संध्याकाळच्या पाळीला एका सोसायटीच्या गेटवर बसायचे. पण संप मागे घेतल्याचं कोणी जाहीर केलं नव्हतं, त्यामुळे बाबांच्या हिशेबी ते अजून संपावरच होते. वॉचमनकी ही संपातली सोय. सकाळी ते विळीवर नारळ खवायला बसायचे, कारण संपात घरकामाला हात लावायचा हेही त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. त्यांच्या नारळाशेजारी स्टुलावर माझा टेपरेकॉर्डर, कारण प्लगची जागा तेवढीच.

त्या सकाळी मी सातवी कॅसेट बहुधा पन्नासाव्यांदा लावली होती. वैतागून, नुसती. म्हातारा म्हणत होता, थांबत होता, माणसं ओरडत होती. आणि माझ्या लक्षात आलं की माणसं ओरडायच्या जरासं आधी, खोबऱ्याच्या कराकरा आवाजातून, बाबा पुटपुटतायत:

"व्हय म्हाराजा."

म्हातारा पुन्हा म्हणाला. थांबला. "व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले, आणि मग आफ्रिकेतली माणसं ओरडली.

"बाबा!" मी कॅसेट बंद केली. "भजनाची कॅसेट नाहीये ही! माझं काम चाललंय ना!"

"मग कर की काम," बाबा म्हणाले. "तेचा गाऱ्हाणा मधीच कित्याक तोडलंस? देव रागावतलो."

गाऱ्हाणं म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. गावचा मानकरी देवासमोर उभा राहतो, नारळ ठेवतो आणि सगळ्या गावाच्या वतीने देवाला मोठ्याने आपलं म्हणणं घालतो. एकेक मागणं झालं की जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. आमच्या गावात हा मान दुसऱ्या घराण्याचा. पण ते घराणं गावातच राहिलं आणि बाबा मुंबईला आले, म्हणून कांदिवलीतल्या गाववाल्यांचं गाऱ्हाणं बाबाच घालायचे. बारसं असो, नवा पंखा असो, कोणाची दहावी असो. संपाच्या सुरुवातीला त्यांनी गिरणीच्या गेटवरसुद्धा घातलं होतं, आणि बंदोबस्ताला आलेल्या हवालदारांपैकी दोघे मालवणचे निघाल्यामुळे मालकाच्या विरोधात पोलिसांनीही "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं. ही गोष्ट बाबा इतक्या वेळा सांगत की आम्ही ती ऐकायचं सोडून दिलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला यातला एक शब्द तरी कळतो का?"

"शब्द कित्याक व्हये? तेचो आवाज ऐक. देवाची स्तुती करताना आवाज खाली येता. मागणा मागताना वर चढता आणि थयच ऱ्हवता, माणसांसाठी. ह्यो मागता. पयलो देवाक हाक मारता. मगे शीव सांगता, खयसून खयपर्यंत तुझी हद्द, म्हणजे देवाक पळवाट नको. मगे कोण कोण उभे आसत ता सांगता. मगे तक्रार." त्यांनी नारळाची कवड उलटी केली, खोबरं संपलंय का बघितलं. "आणि हसलो, थय बघ, कोणतरी सायब उभो आसतलो."

"साहेब कुठून आला यात?"

"नायतर गाऱ्हाण्यात हसता कोण?"

मी चौथ्या प्रकरणाच्या वहीकडे बघितलं. त्यात त्या जागी मी कंसात 'हशा' एवढंच लिहिलं होतं.

दुसऱ्याच रविवारी मी बाबांना घेऊन घाटकोपरला निघाले. बाबांनी गेट मीटिंगचा पांढरा शर्ट घातला, टोपी घातली आणि पिशवीत नारळ घेतला. आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि झाडी सुरू झाल्यावर मला म्हणाले, "तुझी आफ्रिका अशीच आसतली." मी म्हटलं असेल.

शेठच्या दिवाणखान्यात दोघे म्हातारे टेपरेकॉर्डरच्या दोन बाजूंना बसले. बाबांना स्वाहिली येत नव्हती, शेठना गाऱ्हाणं माहीत नव्हतं, आणि मला दोन्ही नीट येत नव्हतं. मी बटण दाबलं.

"आता शीव सांगतलो," बाबा म्हणाले.

शेठ कान देऊन ऐकत होते. "अरे हा! नदीचा नाव घेतला. मग डोंगराचा. मी समजला डिलिव्हरीचा पत्ता आहे, म्हणून सोडून दिला."

"आता कोण कोण जमले ता सांगतलो."

"बरोब्बर! अमक्याची मुलं, तमक्याची मुलं. मी समजला पार्टनर लोक."

"आता तक्रार."

"झोपडीवरचा टॅक्स!" शेठ उठून उभे राहिले. "बोलते, कोणी आमच्या घराच्या दारात हात घातला, हे देवा, तो हात तू बघ. बेन, मी याला बिल समजला!" मग बाबांकडे वळून त्यांनी अतिशय आदराने विचारलं, "तमे आफ्रिकामां क्यां हता?"

"साचा खात्यात," बाबा म्हणाले.

मग हसण्याची जागा आली. शेठनी ती भाषांतरात घेतलीच नव्हती, कारण म्हातारा तिथे गाऱ्हाणं थांबवून भोवतीच्यांना काहीतरी वेगळंच सांगत होता. त्यांना ते अवांतर वाटलं होतं. आता त्यांनी तो तुकडा तीनदा मागे नेऊन ऐकला, आणि तिसऱ्यांदा त्यांचे खांदे हलायला लागले.

"साहेब आला होता," ते म्हणाले. "गोरा साहेब. लोक काय करते बघायला. त्याला वाटला पावसाची प्रार्थना आहे. त्याने टोपी काढला, आणि सगळे बोलले तेव्हा तो पण बोलला. मोठ्याने. स्वतःच्या टॅक्सच्या विरुद्ध!" शेठ डोळे पुसत होते. "कन्फर्म्ड बोलला, बेन, साहेब पण कन्फर्म्ड बोलला!"

बाबा जराही चकित झाले नाहीत. "आमचो खोत पण म्हणालोलो," ते म्हणाले.

खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा जमीनदार. बाबांच्या लहानपणी आमच्या खोताने एका विधवेच्या शेताची शीव रातोरात दोन हात आत घेतली, म्हणजे हद्दीची धोंडच उचलून सरकवली. त्याच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती. मग जत्रेला मानकऱ्याने गाऱ्हाण्यात एक ओळ घातली: कोणी कोणाच्या शिवेची धोंड सरकवली असेल, तर देवा, त्याला ती दिसू दे आणि त्याच्याच हाताने जागेवर ठेवायची बुद्धी दे. खोत पहिल्या रांगेत उभा. देवाशी चाललेल्या बोलण्यावर त्याला रागावता येईना, आणि गप्प राहिला तर सगळ्यांना कळणार. "सगळ्यात मोठ्यान व्हय म्हाराजा तोच वरडलो," बाबा म्हणाले. "पंधरा दिवसांनी धोंड परत जाग्यार. कोणी ठेवली, कोणाक ठावक नाय."

मी पिशवीतून वही काढली. ज्याला सर 'पुनरुक्ती बरीच' म्हणाले होते, तो सरकारच्या विरोधातला अर्ज होता, सरकारच्या समोर वाचलेला, आणि त्यावर सरकारची पोचसुद्धा घेतलेली. सरकारला पत्ता नव्हता, एवढंच.

चौथं प्रकरण मी एका महिन्यात लिहिलं. त्यातल्या मुख्य मुद्द्यावर सत्तेचाळीस नंबरची तळटीप दिली: हा अर्थ मला माझ्या वडिलांनी, ते स्वतः गाऱ्हाणं घालतात त्या अनुभवावरून सांगितला. पुढे त्यांचं नाव, वय, कांदिवली.

सरांना प्रकरण फार आवडलं. वाचताना ते मध्येच उठून खोलीत फेऱ्या मारून आले. मग तळटीप क्रमांक सत्तेचाळीसवर त्यांनी पेन्सिल टेकवली.

"हे काढ."

"का सर?"

"अगं, वडील आहेत ते तुझे. परीक्षक हसतील. आफ्रिकेवरच्या प्रबंधात कांदिवलीचा गिरणी कामगार काय करतोय म्हणतील. पुरावा म्हणून कसं चालेल ते?"

मी म्हणू शकले असते की सर, लिहिता न येणारा माणूस म्हणजे इतिहास नसलेला माणूस नव्हे. वाक्य जिभेवर आलंही होतं. माझा स्वभाव तसा तापट, रिक्षावाल्याशी मी पाऊण तास भांडू शकते. पण मला समोर जून दिसत होता आणि स्टाफरूममधला तो दुसरा कोणी दिसत होता. मी म्हटलं, "बरं सर."

आता अडचण टाइपिंगची. बोरिवलीच्या टायपिस्टबाईंनी प्रकरण पाच कार्बन प्रतींत टाइप करून ठेवलं होतं. एक तळटीप काढायची तर पुढच्या पासष्ट तळटिपांचे नंबर बदलायचे, वर आणि खाली. बाई म्हणाल्या, "वाट लागेल माझी. दुसरं काही नाही का टाकता येत त्या जागी?" मी मुलुंडला फोन केला. सर घाईत होते. "नंबर राहू दे. 'इबिड' टाकून दे," म्हणाले आणि फोन ठेवला. इबिड म्हणजे वरच्याच पुस्तकात पाहा. बाईंनी बाबांवर पांढरी शाई फिरवली आणि इबिड टाइप केलं. वर सेहेचाळीस नंबरला कोणतं पुस्तक आहे, हे सरांनी विचारलं नाही. मी मात्र बघितलं. सेहेचाळीस नंबरला सरांचं पुस्तक होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक नामांकित परीक्षक आले. त्यांनी चौथ्या प्रकरणाचं तोंड भरून कौतुक केलं. प्रार्थना आणि अर्ज यांतला हा फरक आजवर कोणाच्या ध्यानात आला नव्हता, म्हणाले. मग त्यांनी पान उलटून तळटीप बघितली आणि सरांकडे वळून हसले. "पण श्रेय मूळचं आपलंच दिसतंय. आपल्या ग्रंथातला हा भाग माझ्या नजरेतून निसटला वाटतं."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे. त्यांना तेव्हा कळलं, हे मी शपथेवर सांगू शकते. ते तोंड उघडतील असं मला वाटलं, आणि मी उघडेन असं त्यांना वाटलं असावं. शेवटी सर म्हणाले, "हं." परीक्षकांनी तो विनय समजला. मला लाज वाटली, नंतर नाही, तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या. पण मी गप्प बसले, आणि जूनमध्ये कायम झाले.

घरी आनंदीआनंद. बाबांनी कांदिवलीतले सगळे गाववाले बोलावले, घाटकोपरहून शेठ पेढे घेऊन आले. आईने खारदांड्याच्या कोळणीला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की उद्या येऊ नको, देवाचं आहे. आणि मुलुंडहून सर आले, टेपरेकॉर्डर घेऊन. "असं प्रत्यक्ष ऐकायला कधी मिळणार?" म्हणाले. डोक्यावर रुमाल टाकून ते सतरंजीवर पहिल्या रांगेत बसले आणि काय म्हणायचं ते त्यांनी बाबांना विचारून घेतलं.

आईने काळ्या कापडाने बांधलेला माझा प्रबंध देवासमोर ठेवताना उघडून बघितला. तिला इंग्रजी येत नव्हतं. "ह्येंचा नाव खय आसा?" तिने मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "माझा कित्याक? मी काय लिवलंय? तू नारळ दी बघू." आणि ते उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! बारा वाडयेच्या, बारा शिवेच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज माझ्या चेडवान समुद्रापलीकडच्या मुलखाची जी काय पोथी लिवल्यान, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर व्याख्यानातल्या आवाजात म्हणाले.

"तेका जेणी जेणी हात लावल्यानी, गुरूंनी ज्ञान दिल्यानी, घाटकोपरच्या शेठनी भाषा दिल्यानी, टाइप करणाऱ्या बायन बोटा झिजवल्यान, आणि थयल्या त्या म्हाताऱ्यान, तो जितो आसा काय नाय ठावक नाय, पण तेणा आपलो आवाज दिल्यान, त्या सगळ्यांचा बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेठ चुकून "कन्फर्म्ड" म्हणाले.

मी मोजत होते. टायपिस्टबाई आल्या. तो म्हातारा आला. स्वतः बाबा आले नाहीत. मग त्यांचा आवाज चढला आणि तिथेच राहिला.

"आणि कोणी कोणाच्या शिवेची धोंड सरकवली असात, तर ती तेका दिसांदे, आणि तेच्याच हातान जाग्यार ठेवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

सरांचं "व्हय" आलं, "म्हाराजा" आलं नाही. मी मात्र पूर्ण म्हणाले. खूप मोठ्याने म्हणाले. आई वळून बघायला लागली.

संध्याकाळी बाबा ड्युटीला निघाले तेव्हा मी विचारलं, "ती धोंडीची ओळ मुद्दाम घातलीत का?"

"ती सगळ्या गाऱ्हाण्यात असता," बाबा म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

आठवड्याने मुलुंडहून टपालाने एक कॅसेट आली. चिठ्ठी नव्हती. सर आपल्या प्रत्येक कॅसेटच्या डबीवर सांगणाऱ्याची माहिती बारीक अक्षरात लिहीत, त्या आफ्रिकेतल्या म्हाताऱ्याचीसुद्धा लिहिली होती. या डबीवरही लिहिली होती. गाव. मुक्काम कांदिवली. बाबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. वय. आणि व्यवसायापुढे: गिरणी कामगार (संपावर). मी ती डबी हातात घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि रडले. सरांनी निदान कुठेतरी लिहिलं होतं. मुलगी मी होते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारून विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले आणि माझाच प्रबंध मागवला. खिडकीमागच्या माणसाने तो शोधून आणला, धूळ झटकली, आतल्या कोऱ्या चिठ्ठीवर पहिला शिक्का मारला. "विषय चालतो का हो हा?" त्याने विचारलं. "आजच चालायला लागलाय," मी म्हटलं. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मी चौथं प्रकरण काढलं, सत्तेचाळीस नंबरचं इबिड एका रेघेने खोडलं आणि शेजारी काळ्या शाईने बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, डबीवर होतं तसंच, कंसातल्या संपासकट.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून शिकवते. ग्रंथालयाच्या पुस्तकात शाईने काही लिहिणं हा गुन्हा आहे, हे मी दर जूनमध्ये पहिल्याच तासाला मुलांना बजावते. आणि बजावताना वर्गात सगळ्यात मोठा आवाज माझा असतो.